रणगाडा विकून बांधलेली बालवाडी

एप्रिल १९४५ संपत आला होता. उत्तर इटलीतून जर्मन फौजा माघार घेत होत्या. रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात त्यांचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे मागे राहिले. या सामानाचं काय करायचं, यावर गावात खल झाला आणि ते विकून येणाऱ्या पैशांत लहान मुलांसाठी शाळा बांधायची, असं ठरलं. एका शेतकऱ्याने जमीन दिली. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या विटा बायकांनी ढिगाऱ्यातून उपसल्या, त्यांना चिकटलेला चुना काढला, धुऊन चळती लावल्या. वाळू नदीतून आणली. दिवसा पोटापाण्याची कामं असत, म्हणून बांधकाम रात्री आणि रविवारी चाले.

ही बातमी ऐकून शेजारच्या भागातला एक तरुण प्राथमिक शिक्षक सायकल हाणत तिथे आला. लोरिस मालागुत्सी त्याचं नाव, वय पंचवीस. गावातली माणसं खरोखरच विटा धूत बसलेली पाहून तो चक्रावला. तू शिक्षक आहेस तर आमच्याबरोबर काम कर, अशी गळ त्यांनी त्याला घातली. सुमारे आठ महिन्यांत शाळा उभी राहिली. मालागुत्सी त्यानंतर १९९४ साली मरेपर्यंत या कामातून बाहेर पडला नाही. आज जगभरातले बालशिक्षक ज्या 'रेज्जो' पद्धतीचं नाव घेतात, तिचा उगम या विटांमध्ये आहे.

इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी आईबाप आले, मग विटा, आणि शिक्षक सगळ्यांत शेवटी. त्यामुळे शाळेत पालकांचं स्थान काय, हा प्रश्न तिथे वेगळ्याच टोकाकडून पडला. शिक्षक दुसऱ्यांच्या घरात आला होता. आपण काय करतो आणि का करतो, हे यजमानांना समजावून सांगणं त्याच्यावर पहिल्या दिवसापासून आलं.

अशाच आणखी शाळा शहराच्या गरीब वस्त्यांत निघाल्या. महिलांच्या संघटनांनी त्यांना बळ दिलं, तरी पैशाअभावी काही बंद पडल्या. लहान मुलांची शाळा तोवर बहुतेक चर्चच्या हातात होती. सरकारी पैशाने ती चालावी यासाठी या लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९६३ साली रेज्जोच्या नगरपालिकेने पहिली बालशाळा काढली, आणि १९६७ साली पालकांनी चालवलेल्या शाळाही तिने आपल्याकडे घेतल्या. साधारणपणे लोकांचं काम सरकारने उचललं की लोक घरी जातात. तिथे तसं झालं नाही. १९७२ साली नगरपालिकेने या शाळांची नियमावली मंजूर केली, तीत पालक, कर्मचारी आणि नागरिक यांच्या समित्यांना जागा होती. रणगाडा विकणाऱ्यांचा हक्क नगरपालिकेच्या कागदावर चढला.

*

त्याच १९४५ सालच्या डिसेंबरात, आपल्याकडे ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) किनाऱ्यावर, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता, दादरचं शिशुविहार त्यांनी काढलं होतं. माँटेसरी पद्धतीतल्या त्या जाणत्या. पण शहरातले पालक मुलाला स्वच्छ कपडे घालून दारापर्यंत आणून सोडतात, हे त्या पद्धतीत गृहीतच धरलेलं होतं.

बोर्डीत बालवाडी कुणी मागितलीच नव्हती. दलित वस्तीतली आणि पुढे वारली पाड्यांवरची मुलं बोलावूनही येईनात. आईबाप पहाटे कामाला जात. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळी, तिच्याहून थोडा मोठा मुलगा असला की तो गुरांमागे जाई. कमिटी, सभा, अर्ज असं काही त्या आईबापांनी केलं नाही. मुलं न पाठवून त्यांनी आपलं मत कळवलं.

ताराबाई-अनुताईंचं मोठेपण असं, की हे न पाठवणं त्यांनी अडाणीपणाच्या खात्यावर टाकलं नाही. त्यांनी तो अभिप्राय मानला आणि बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. झाडाखाली, अंगणात, रोजच्या रोज. लाकडी महागडं साहित्य मागे राहिलं. शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या पुढे आल्या. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हेही शिकवण्याचाच भाग झालं. अंगणात भरलेल्या बालवाडीची आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथे भिंत नव्हती. बाई मुलांशी कशी बोलते, रडणाऱ्याला कशी घेते, हे उंबऱ्यात बसलेल्या आजीला दिसत होतं. तिने मधेच काही सुचवलं तर बाईला ऐकावं लागत होतं.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटा भाऊ पाळणाघरात राहिला की थोरली बहीण शाळेत बसू शकत होती. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतात तिथेच वर्ग. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात हा आराखडा सापडला नसता. वारली घरांच्या दिवसाचं वेळापत्रक पाहून तो काढलेला होता.

चेल्लात पालकांनी शिक्षकाला बोलावलं, बोर्डीत शिक्षिका पालकांकडे चालत गेल्या. दोन्ही वाटा लहान मुलांच्या संगोपनाच्या एका अडचणीपाशी येऊन मिळतात. त्या अडचणीविषयी जरा तपशिलाने बोलायला हवं.

*

तीन वर्षांच्या मुलाला ज्या ठिकाणी आपण रोज चार तास, पाळणाघर असेल तर दहा तास सोडतो, ते ठिकाण चांगलं की वाईट हे आपल्याला कशावरून कळतं? फरशी, रंग, घसरगुंडी, कॅमेरे, बाईंचं इंग्रजी. हे सगळं दारातून दिसतं. पण मुलाच्या वाढीवर ज्याचा खरा परिणाम होतो ते दारातून दिसत नाही. मूल काही सांगायला आलं तर मोठं माणूस थांबून ऐकतं का. दोघांत भांडण झालं तर काय होतं. जेवताना घाई करतात का, झोप आली नाही तर दटावतात का. एका बाईकडे किती मुलं आहेत आणि ती बाई वर्षभर टिकते का.

अमेरिकेत डेबी क्रायर आणि मार्गारेट बर्चिनल या संशोधिकांनी १९९७ साली याच मुद्द्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी आणि प्रशिक्षित निरीक्षकांनी त्याच वर्गांना गुण दिले. पालकांचे गुण बरेच जास्त निघाले. एखादी गोष्ट पालकांना महत्त्वाची वाटत असली आणि स्वतः पाहणं शक्य नसलं, की ती चांगलीच चालली असणार असं ते धरून चालत होते. यात पालकांचा मूर्खपणा नाही. मूल सोडून कामावर जायचं असेल तर मनाला असा विश्वास लागतोच. पण व्यवस्थेच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी भानगड आहे, कारण गिऱ्हाईकाला माल दिसतच नसेल तर चांगल्या मालाची मागणी येणार कुठून?

इंग्लंडमध्ये १९९७ पासून तीन हजारांहून अधिक मुलांचा माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. मुलांची प्रगती जिथे चांगली दिसली, अशा केंद्रांमध्ये एक गोष्ट होती. मूल काय शिकतंय, कुठे अडतंय, ही माहिती तिथले कर्मचारी पालकांना नियमित देत होते आणि पुढे काय करायचं हे ठरवताना त्यांना बरोबर घेत होते. गॅदरिंगला स्टॉल लावणं किंवा सहलीला डबे पुरवणं यापेक्षा हे सहकार्य निराळं आहे.

*

मग जे दारातून दिसत नाही ते पालकांना दिसावं म्हणून रेज्जोमध्ये काय केलं? तिथल्या शाळांना मुख्याध्यापक नाही. प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक, दोघेही बरोबरीचे, आणि तीच मुलं, तेच शिक्षक अशी तीन वर्षं. एकट्या माणसाची चूक झाकली जाते, दुसरा असला की निदान बोलणं होतं. मुलांची बोलणी लिहून घ्यायची, कामाचे टप्पे फोटोंत धरायचे आणि ते भिंतीवर लावायचे, हा शिक्षकांच्या नोकरीचाच भाग. आपल्याकडच्या भिंतींवर सगळ्या मुलांचे सारखे रंगवलेले मोर असतात, तसं हे नाही. सावली पाहून एक मूल काय म्हणालं, दुसऱ्याने ते कसं खोडलं, चौथ्या दिवशी दोघांनी मिळून काय करून पाहिलं, असं सगळं तिथे वाचायला मिळतं. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेला बाप ते वाचत उभा राहतो. त्याला मुलाबद्दल प्रश्न सुचतात, आणि ते 'जेवला का, रडला का' यांच्या पुढचे असतात.

स्वयंपाकघर लपवलेलं नाही, आणि स्वयंपाकी हा शिक्षकांइतकाच कर्मचारिवर्गाचा भाग मानला जातो. अगदी लहान मुलांच्या केंद्रात पहिले काही दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर आत बसतात, मग हळूहळू वेळ कमी करत जातात. मुलाला नव्या जागेची सवय व्हावी हा हेतू तर आहेच. पण त्याच दिवसांत पालकाला शिक्षिकेची पद्धत कळते आणि शिक्षिकेला ते मूल घरी कसं झोपतं, कशाने शांत होतं, हे कळतं. आपल्याकडे 'पहिले आठ दिवस रडेल, मग रुळेल, तुम्ही दारातूनच जा' असं सांगितलं जातं, ते मला नेहमीच क्रूर आणि शिवाय आळशीपणाचं वाटत आलं आहे.

सभा संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. एका वर्गाच्या पालकांची, चार-पाच कुटुंबांची, एकाच कुटुंबाशी निवांत, एखाद्या विषयावर तज्ज्ञाबरोबर, आणि खुर्च्या-खेळणी दुरुस्त करायला हातोडी घेऊन जमण्याची, असे तिचे अनेक प्रकार. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे या सगळ्याला पगारी वेळ आहे. शिक्षकांच्या आठवड्याच्या ३६ तासांपैकी काही तास मुलांशिवायचे, म्हणजे बैठका, नियोजन, नोंदी आणि पालकांशी बोलणं यांसाठी राखून ठेवलेले. पालकांशी बोलणं ही शिक्षकाने घरी जाता जाता करायची कृपा नाही, असं तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं आहे.

सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र समजू नये. सुरुवातीच्या काळात मालागुत्सी आठवड्यातून एकदा मुलं, शिक्षक, सामान ट्रकमध्ये भरून शहरातल्या चौकात किंवा नाट्यगृहाच्या कमानींखाली शाळा मांडत असे. लोकांनी पाहावं म्हणूनच. मोठा प्रसंग आला नोव्हेंबर १९७६मध्ये. सरकारी रेडिओवरून कॅथलिक गटांनी या नगरपालिकेच्या शाळांवर टीकेची झोड उठवली. या शाळा मुलं बिघडवतात, धर्माच्या विरोधात जातात, असा सूर होता. मालागुत्सीने खुलाशाचं पत्रक काढलं नाही. त्याने नेहमीचं नियोजनाचं काम थांबवलं आणि धर्मगुरूंसह सगळ्यांना शाळेतच चर्चेला बोलावलं. ही चर्चा पाच महिने चालली. सुरुवातीचा कडवटपणा ओसरला आणि दोन्ही बाजू एकमेकांचं ऐकू लागल्या. दारं उघडी ठेवायची शाळेला आधीच सवय होती, म्हणून हे जमलं.

अमेरिकेतल्या 'न्यूजवीक' साप्ताहिकाने १९९१ साली जगातल्या उत्तम शाळांच्या यादीत रेज्जोच्या दियाना बालशाळेचं नाव घातलं, आणि मग जगाची रीघ लागली. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांच्या माहितीपत्रकांत 'रेजिओ-प्रेरित' हे शब्द दिसतात. खालून उजेड येणारी टेबलं, लाकडी ठोकळे, वाळलेली पानं सगळं असतं. कमिटी नसते. फी किती वाढवायची, बाईंना पगार किती द्यायचा, एका वर्गात मुलं किती घ्यायची, या विषयांवर पालकाला कुणी बोलावत नाही.

*

पालकांचा आवाज वाढला की दर्जा वाढतोच, असंही नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचारा. साडेतीन वर्षांच्या मुलाला अजून 'ए टू झेड' लिहिता येत नाही म्हणून तणतणत आलेला पालक प्रत्येकीने पाहिलेला असतो. वही रिकामी दिसली की त्याला फी वाया गेल्यासारखी वाटते. मग बाई मुलाचा हात धरून वही भरतात. मुलाला त्यातून काही मिळत नाही, पण पालक गप्प होतात. 'आम्हाला पटत नाही हो, पण पालकांनाच हवं असतं' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे, की त्यावर विश्वास ठेवायचं मी बंद केलं आहे. पालकांना मुलाची प्रगती हवी असते. ती वहीशिवाय दुसऱ्या कशात दाखवलेलीच नसते, म्हणून ते वही मागतात.

तिढा सुटतो तो दाखवण्याने. मणी ओवताना, कणकेचे गोळे वळताना, कागद फाडताना बोटांची जी चिमूट तयार होते, तीच पुढे पेन्सिल धरते. हे भाषणात सांगून पटत नाही. पालकांना खाली बसवून मणी ओवायला दिले आणि शेजारी आपलं मूल तेच करताना पाहायला मिळालं, तर अर्ध्या तासात पटतं. ऑगस्टमधलं चित्र आणि जानेवारीतलं चित्र शेजारी शेजारी ठेवलं तरी पटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे पहिलीच्या आत लिहायला लावण्याची घाई कागदावर तरी संपली आहे. पण धोरण वाचून कुणाचा बाप शांत होत नाही.

*

आणि अंगणवाडी? २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज केंद्रांची संख्या चौदा लाखांच्या घरात आहे. ताराबाईंच्या अंगणातल्या बालवाडीशी तिचं नातं उघड आहे. पण ताराबाईंचं अंगण वस्तीच्या मालकीचं होतं, आणि ही अंगणवाडी खात्याची झाली.

तरी इथे पालक आणि सेविका यांना एकत्र आणणारी एक जागा योजनेतच आहे, ती म्हणजे वजनकाटा. महिन्यातून एकदा मूल काट्यावर चढतं, वजन तक्त्यावर टिपलं जातं आणि त्याची रेघ पुढे सरकते. नुसतं टिपून रकाना भरला तर त्याचा उपयोग खात्याला. पण सेविकेने तीच रेघ आईला दाखवली, गेल्या दोन महिन्यांत ती आडवी का झाली असेल असं विचारलं, तर बोलणं सुरू होतं. जुलाब झाले होते, कापणीला गेले होते, सासूने अंडं देऊ दिलं नाही, बाळ दुपारी थोरलीजवळ असतं. यातलं एकही कारण तक्त्यावर नसतं, ते फक्त आईला ठाऊक असतं. आणि रेघेचा अर्थ सेविकेला ठाऊक असतो. दोघींचं ज्ञान अर्धं-अर्धं आहे.

या बोलण्याला वेळ कुठे आहे? सेविकेकडे पोषण, लसीकरणाचा पाठपुरावा, गृहभेटी, शालापूर्व शिक्षण, शिवाय सर्वेक्षणं. २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' हे नोंदींचं अॅप आलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. अॅपची भाषा इंग्रजी होती, हीही तक्रार होती. त्यांना पगार नाही, मानधन आहे. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. जिच्या कामाला सरकार धड नोकरी म्हणत नाही, तिने पालकांना निवांत बसवून रेघ समजावावी ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची? रेज्जोच्या ३६ तासांतले ते राखीव तास मला म्हणूनच तिथल्या सगळ्या कलाकुसरीपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

पाळणाघरांबाबत कायद्याने एक छोटी फट ठेवली आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. चार वेळा म्हणजे कधीतरी अचानकही. निरीक्षक वर्षातून एकदा येईल तेव्हा फरशी पुसलेली असेलच. दुपारी पावणेतीनला अचानक आलेल्या आईला मात्र खरं पाळणाघर दिसतं. कायद्यात बापाचा उल्लेख नाही, ही त्याची उणीव. शिवाय घरकामाला, बांधकामाला, शेतात जाणाऱ्या बायकांना या कलमाचा काही उपयोग नाही, ही त्याहून मोठी.

राज्यातल्या आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण आणि पुढे, २०१६ पासून, लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. व्यवहार गावपातळीवरच्या आहार समितीमार्फत चालतो, तीत गावातल्या बायका असतात. कागदावर ही आपल्याकडची रेज्जोच्या समितीच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट आहे. जिथे सही सेविकेने मागायची आणि बाकीच्यांनी अंगठा द्यायचा एवढंच होतं, तिथे ती नावापुरती. पण अंड्याचा बाजारभाव सरकारी दराच्या वर गेला की ते सर्वांत आधी याच बायकांना कळतं, आणि आठवड्यात चारऐवजी दोनच अंडी आली तर तेही. व्यवहार त्यांच्या समितीमार्फतच चालतो, म्हणून हिशेबाचं रजिस्टर उघडून विचारणं त्यांच्या हातात आहे. पुढच्या बैठकीत ते रजिस्टर कुठल्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि ते कुणी मोठ्याने वाचून दाखवतं का, यावर बरंचसं अवलंबून आहे.